नातीचा कान

काकूंनी माझ्या नातीच्या कानाची पाळी दोन बोटांत धरली, दुमडली आणि खिडकीतल्या उजेडाकडे केली.

"इथे दिसतो तो खरा रंग," त्या बाकीच्या बायकांना म्हणाल्या. "आईवर गेलीय पोर. आता काय करणार."

बायका हसल्या. मोठ्याने नाही. तोंडावर रुमाल धरून.

जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनच्या आमच्या फ्लॅटमध्ये बारसं होतं. पाळण्याला फुगे. घुगऱ्या वाटून झालेल्या. पोरीला नुकतंच नाव मिळालं होतं, आणि लगेच कान तपासला गेला. काकू म्हणजे माझ्या मुलाच्या साहेबांच्या सासूबाई. सगळे त्यांना काकू म्हणतात म्हणून मीही म्हणते. साहेब पुण्याचे, मुलाची बढती त्यांच्या हातात. म्हणून काकूंना खिडकीजवळची चांगली खुर्ची.

आता माझी सून. ती झांबियाची. तिच्या आईने शाळेचे युनिफॉर्म शिवून तिला वाढवली. ती आधी आपल्या देशाची सुंदरी झाली, मग देशोदेशींच्या मुलींत उभी राहून मुकुट घेऊन आली. वर्षभर विमानातून फिरत होती. रंग उजळवायच्या क्रीमवाल्यांनी तिला जाहिरातीला बोलावलं. ती त्यांना म्हणाली, हा चेहरा घेऊन जिंकले, तोच पुसायला मदत करू? आणि उठून आली. मुकुटाचं वर्ष संपल्यावर ब्राउनश्वाइगला इंजिनिअरिंग शिकायला आली, तिथे माझा मुलगा भेटला. पुढे हे घर बघायला गेली तर दारातल्या माणसाने विचारलं, साफसफाईला आलीस का? ती म्हणाली, नाही, राहायला.

हे सगळं तिने मला भाजी निवडताना सांगितलं. अर्धं जर्मन, अर्धं माझ्याकडूनच शिकलेलं मराठी. माझं जर्मन म्हणजे गेनाऊ आणि आल्झो, संपलं. शाळाही माझी अर्धवट, पुढचं वाचन माझं मीच केलं. पण असलं कळायला मला फार भाषा लागत नाही हो.

कारण मला बघायला आलेल्यांनी ओलं फडकं मागितलं होतं. माझा गाल पुसून बघितला. पावडर निघते का ते. चारचौघांत. वडील समोर सतरंजीकडे बघत बसलेले. फडकं स्वच्छ निघालं, तर म्हणाले, म्हणजे हाच रंग. त्यानंतर कुठल्याही लग्नाकार्यात फोटो निघायला लागला की मी मागच्या रांगेत. कोणी ढकलत नव्हतं बरं का. पाय आपोआप जायचे.

तर त्या दिवशी. सुनेला वाटलं, कान बघणं हा बारशातलाच एक विधी. आत्याने कानात कुर्र केलेलं तिने नुकतंच बघितलं होतं ना. ती हसली. आणि किती आदराने, अलगद मान वळवून, पोरीचा दुसरा कानही तिने काकूंच्या पुढे केला.



मग तिने मला विचारलं, "आई, कानात काय बघतात?"

मुलगा माझ्या मागेच उभा होता. हळूच म्हणाला, "आई, आशीर्वाद देतात म्हण. प्लीज."

तेवढंच म्हणायचं होतं. म्हणाले असते तर ती काकूंच्या पाया पडली असती. क्रीमवाल्यांसमोर न वाकलेली माझी सून माझ्या एका शब्दावर वाकली असती. आणि उद्या पोरगी मोठी झाल्यावर तिलाही मी आशीर्वादच सांगितला असता.

मी म्हणाले, "पोरी, तुझी मुलगी काळी होणार की गोरी ते बघतात. काळी होणार म्हणून या हळहळतायत."



"अहो ताई, गंमत असते ती," काकू म्हणाल्या. "तुम्ही पण ना."

"माझी पण गंमत केली होती," मी म्हणाले. "ओल्या फडक्याने. मला अजून हसू आलेलं नाही."

सुनेने पोरीला उचललं. काकूंच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. ताठ. तिथे त्या मोठ्या स्टेजवर अशीच उभी राहिली असेल.

"काकू, कान कशाला?" ती म्हणाली. "मला बघा ना."

काकूंनी बघितलं नाही. घुगऱ्यांत काहीतरी शोधत बसल्या. थोड्या वेळाने जावयाला फोन लावला, गाडी घेऊन ये म्हणून.

मुलगा रागावला. साहेब आता काय म्हणतील, आई, तुला इथलं काही कळत नाही, वगैरे. मी बोलू दिलं. मग म्हटलं, बढती गेली तर दुसरी येईल. तुझी मुलगी ही एकच आहे, आणि ती ऐकतेय.

बाहेर ती हे ऐकणारच. किंडरगार्टनमध्ये ऐकेल, ट्रेनमध्ये ऐकेल, आपल्या मराठी मंडळात तर सगळ्यात आधी ऐकेल. तिथे मी कुठे कुठे पुरी पडणार? पण या घरात नाही. साहेब असोत, साहेबांच्या सासूबाई असोत, माझा सख्खा भाऊ असो. माझ्या नातीच्या रंगावर ज्याला बोलायचंय, त्याने आमच्या दारात चपला काढूच नयेत.