पेन्सिलीनं लिही, बाय

वैशाखातली सकाळ, आणि वाऱ्यानं जणू गाव सोडलेलं. सड्यावरचा, गावामाथ्यावरच्या सपाट माळाचा, कातळ रात्रीतसुद्धा निवला नव्हता. अनवाणी पाय टेकला की तव्याच्या कडेला बोट लागल्यासारखं व्हायचं. खाली मालगुंडच्या अंगाला समुद्र असतो खरा, पण आज तिकडे नुसती पांढुरकी वाफ भरून राहिली होती. असल्या उकाड्यात गंगाराम गोताड हायस्कुलाच्या मागच्या पडवीत तीन चिऱ्यांची चूल मांडून खळ शिजवत बसला होता.

पुस्तकं चिकटवायची खळ. गव्हाचं पीठ पाण्यात कालवायचं, मंद जाळावर ठेवायचं, वर चिमूटभर मोरचूद टाकायचं, म्हणजे पुढं कसर लागत नाही. त्यात अवघड असं काही नाही, फक्त हात थांबवायचा नाही. हात थांबला की गुठळी झालीच.

गंगाराम ह्या शाळेचा शिपाई. बावीस वर्षं घंटा त्यानंच दिली. मे महिन्यात मास्तर गावाला जातात, पोरं आंब्याखाली जातात, आणि गंगारामाच्या पुढ्यात पुस्तकपेढीचा ढीग येतो. गरिबाच्या पोरांना शाळेनं वर्षभर वापरायला दिलेली ही पुस्तकं. एप्रिलात परत येतात तेव्हा त्यांची दशा लावणीवरून आलेल्या बैलासारखी असते. आधी रबरानं पेन्सिलीचे गिरगोट खोडायचे, मग सुटलेली पानं दाभणानं शिवायची, पुठ्ठा लावायचा, आणि चार दिवस जांभ्या चिऱ्याखाली दाबून ठेवायचं. जूनमध्ये तीच पुस्तकं नव्या पोरांच्या हातात.

गंगाराम चौथी शिकलेला. वाचता यायचं, पण ही पुस्तकं त्यानं कधी वाचली नव्हती. मोठ्या इयत्तांचं पुस्तक आपण काय वाचायचं, असं त्याला वाटे. पानं मात्र त्याला वाचता येत. कुठल्या पानावर किती हात फिरलेत हे तो लांबून सांगे.

"पोरा धडा वाचत नायत," तो हेडसरांना एकदा म्हणाला होता. "धड्याखालचे प्रश्न वाचतात. बघा, प्रश्नांची पाना काळीकुट्ट, आणि कविता अशा कोऱ्या, जशा काय कालच छापल्यानी."

हेडसर हसले होते. "आणि त्यांना आवडतं काय, ते कळतं का पानावरून?"

"चित्रा आवडतात. झाडून सगळ्या पुढाऱ्यांना मिशा काढतात."

अठ्ठ्याऐंशी सालच्या ह्या मे महिन्यात एक नवीन गोष्ट होती. नववीची मराठीची पुस्तकं बदलणार होती. "नववीचा गठ्ठा बांधू नको. वेगळा काढ, रद्दीत जाईल," असं हेडसर सांगून गेले होते. एवढं ऐकल्यापासून गंगारामानं त्या गठ्ठ्याकडं पाठ करून बसायचं ठरवलं होतं. कारण त्या गठ्ठ्यात एकतीस नंबरचं पुस्तक होतं.

"आप्पा, हाव काय?"

पडवीच्या टोकाला शालन उभी होती. बौद्धवाडीतल्या जाधवांची शालन. रत्नागिरीला डी. एड. करून आलेली, आणि जूनपासून ह्याच शाळेत पाचवीच्या वर्गावर लागायची होती. खांद्याला पर्स, पायात चप्पल, कपाळावर घामाचे थेंब.

गंगाराम उठायला लागला. "या बाई, बसा."

"बाई काय, आप्पा? परवापरवापर्यंत माझा कान धरून वर्गात बसवत होता तुम्ही."

"तवा कान तुजा व्हता. आता सरकारचा झाला."

शालन हसली आणि पायरीवर बसली. हेडसरांनी तिला रद्दीत जाणाऱ्या पुस्तकांची यादी करायला पाठवलं होतं. ती नंबर वाचायची आणि वहीत लिहायची. गंगाराम खळ ढवळत होता. आठ-दहा नंबर झाले तेव्हा ती अवघडून म्हणाली, "आप्पा, एकतीस नंबर ह्यात नसेल ना. तो तुमच्याकडं घरी असेल."

गंगारामाचा हात थांबला, मग पुन्हा फिरू लागला.

"माज्याकडं कशाला?"

"म्हणजे... चिमाचं होतं ते. आम्हा दोघींचं."

चिमा गंगारामाची एकुलती एक मुलगी. त्र्याऐंशी सालच्या परीक्षेला बसायची ती, नववीच्या. त्या वर्षी पुस्तकपेढीत पुस्तकं कमी पडली म्हणून दोघी-दोघींत एक दिलं होतं. एक दिवस पुस्तक शालनकडं, एक दिवस चिमाकडं. रोज सकाळी घंटेआधी, चिंचेखाली देवघेव व्हायची. परीक्षेआधीच्या ऑक्टोबरात भात घरात आलं आणि गवतकापणी लागली. सड्यावर गवत कापताना चिमाच्या पायाला विषारी फुरसं चावलं. पाटावर बसवून चौघांनी तिला डांबरी रस्त्यापर्यंत नेलं, तिथून जीपनं रत्नागिरीला. तिसऱ्या दिवशी गंगाराम एकटाच एस. टी.नं परत आला, तिचं परकर-पोलकं पिशवीत घेऊन.

पुस्तक पुढं परीक्षेपर्यंत शालननंच वापरलं. परीक्षा संपली त्या दिवशी तिनं ते आणून गंगारामाच्या हातात दिलं होतं, आणि पळत सुटली होती. ते त्याला आठवत होतं. घरी हौसा, त्याची बायको, म्हणाली होती, "आपल्याकडं ऱ्हाऊ दे ता पुस्तक. माज्या पोरीचा हात लागलाय त्याला." आणि गंगाराम म्हणाला होता, "शाळेचा हाय. आज ह्या ठेवला, उद्या लोक म्हणतील शिपाई पुस्तका घरी नेतो." हौसा उठून चुलीकडं गेली. अजूनही त्या विषयावर बोलत नव्हती.

"ता ह्यातच हाय," गंगाराम आता म्हणाला. "पाच वर्षा पोरांच्या हातात फिरतंय."

शालननं वही मिटली. "पण तुम्ही वाचलंत ना? चिमानं लिहिलेलं?"

"काय लिवलेला?"

शालन त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं ढिगातून एकतीस नंबर शोधून काढला. दोनदा शिवलेला, तीनदा पुठ्ठा बदललेला. गुडघ्यावर ठेवून ती सांगू लागली.

पुस्तक एक आणि माणसं दोन, त्यामुळं वाचलेल्या धड्यावर एकमेकींशी बोलायला सवड मिळायची नाही. शाळा सुटली की एक वरच्या वाटेला, एक खालच्या. मग चिमानं युक्ती काढली. आपल्या दिवशी धडा वाचायचा आणि शेवटच्या कोऱ्या जागेत लिहायचं, आवडला की नाही, आणि का. दुसऱ्या दिवशी शालननं त्याखाली उत्तर लिहायचं.

"वर्गात सर विचारायचे, धडा आवडला का? सगळी एका सुरात 'होऽऽ'. आणि चिमा पुस्तकात लिहायची, हे खोटं आहे म्हणून. मला वाटलं होतं, तुम्हाला ठाऊक असेल. म्हणून तर मी पुस्तक परतीच्या पेटीत न टाकता तुमच्या हातात दिलं, आप्पा."

शालननं पहिल्या धड्याचं शेवटचं पान उघडलं. तिथं निळ्या शाईत एकच ओळ होती: *खरंच गो. आमची आई पण रागावते.* तिच्या वरची जागा कोरी होती. कोरी म्हणजे घासून घासून गुळगुळीत, थोडी पांढरी.

दुसऱ्या धड्याखाली: *हसू नको. सर बघतील.* वरती काही नाही.

कवितेखाली: *चिखल कशाला कवितेत? तुझं आपलं काहीतरी.* वरती काही नाही.

शालन पानं उलटत गेली. प्रत्येक ठिकाणी तिचं उत्तर होतं, आणि ते ज्याचं उत्तर होतं ते गेलेलं होतं.

गंगारामाला त्र्याऐंशीच्या मे महिन्यातला एक दिवस आठवला. हीच पडवी. एकतीस नंबर हातात आला तेव्हा त्यानं तोंड चिंचेकडं फिरवलं होतं. पोरीचं अक्षर दिसलं तर आपल्याच्यानं पुढं काम व्हायचं नाही, हे त्याला कळत होतं. म्हणून न बघता, अंदाजानं, एकेक पान त्यानं खसाखसा घासलं होतं. इतर पुस्तकांपेक्षा जास्तच, काही राहू नये म्हणून.

"तुजा कसा काय ऱ्हायला?" त्यानं विचारलं.

"मी पेनानं लिहायचे. मामानं मुंबईहून आणलेला पेन होता, मला भारी हौस." पुढचं सांगावं की नाही असं तिला झालं असावं. "चिमालासुद्धा म्हटलं होतं, माझा पेन घे. ती नको म्हणाली. म्हणाली, पेनाचं लिहिलेलं निघत नाही, आप्पांना मे महिन्यात घासत बसावं लागतं. त्यांची बोटं दुखतात."

चुलीत एक काटकी फुटली. गंगारामानं आपली बोटं बघितली. मग लुंगीला पुसली.

हे त्यानंच शिकवलं होतं तिला. पाचवीत पहिलं पुस्तक हातात दिलं तेव्हा सांगितलं होतं: पेन्सिलीनं लिही, बाय. शाळेची पुस्तका हायत, पेनाचा डाग मना निघत नाय.

"काय काय लिवलेलान तिना?" तो म्हणाला. "तुना आठवतंय तेवढा सांग."

शालननं आठवायचा प्रयत्न केला. "कवितेवर लिहिलं होतं, ह्यात शेत आहे आणि कोणाचे पाय मळलेले नाहीत. असंच काहीसं. आणि पहिल्या धड्यातल्या आईबद्दल, ही कधीच रागावत नाही, म्हणजे खरी नसेल." तिनं आणखी एक पान उलटलं. "बाकीचं नाही आठवत, आप्पा. वाचायचे, हसायचे, उत्तर लिहायचे आणि सोडून द्यायचे. वाटायचं, पुस्तकात आहेच की."

"आवडलेला असा एक पन नव्हता काय धडा?"

"होता ना."

तिनं सातवा धडा काढला. खाडीवरच्या एका तरीवाल्याची गोष्ट होती. चित्रात होडी, आणि होडीतल्या माणसाला कुणीतरी मिशा काढलेल्या. गंगाराम चूल सोडून तिच्या शेजारी येऊन बसला. चष्मा काढून शर्टाला पुसला आणि पुन्हा लावला. धड्याच्या शेवटी घासलेली जागा सगळ्यात मोठी होती, अर्धं पान. इतकी घासलेली की कागद विरळ झाला होता आणि पाठीमागची अक्षरं उलटी दिसत होती. म्हणजे इथं तिनं पुष्कळ लिहिलं होतं.

त्यानं पुस्तक उचलून उन्हात तिरकं धरलं. पेन्सिल दाबून लिहिलं की कागदाला चर पडतो, हे त्याला कामामुळं ठाऊक होतं. हळूहळू पान फिरवत एका कोनावर तीन अक्षरं उठून दिसली. *आप्पा*, आणि त्यापुढं *ना*. बाकी सगळं सपाट. चिऱ्याखाली पाच मे महिने दाबून दाबून सपाट झालेलं.

खाली शालनचं निळं उत्तर होतं. ते त्यानं स्वतः वाचलं, एकेक अक्षर जोडत.

*मग वाचून दाखव की त्यांना. झोपले तर चिमटा काढ.*

चिंचेवर कावळा ओरडून गेला.

"दाखवला होता का तिनं वाचून?" शालननं हळू विचारलं.

दाखवायला आली होती. संध्याकाळी तो अंगणातल्या खळ्यात गवताच्या भाऱ्यांचे बंध वळत बसला होता. ती पुस्तक छातीशी धरून आली आणि म्हणाली, "आप्पा, एक गंमत वाचू? तुमच्यासारखा एक माणूस हाय ह्यात." आणि तो म्हणाला होता, "गवत येव दे आधी घरात. मग वाच, सगळा पुस्तक वाच." ती म्हणाली, "तवा तुम्ही झोपाल." आणि हसत आत गेली. दुसऱ्या दिवशी पुस्तक शालनकडं जायचं होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी ती सड्यावर गवत कापायला गेली.

हे त्यानं शालनला सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "ऱ्हायला तो."

शालननं पदराची कड डोळ्यांना लावली. मग ती मास्तरीणबाईच्या आवाजात, जरा खाकरून, म्हणाली, "मी वाचू? आता? चार पानं तर आहेत."

गंगारामानं पुस्तक मिटलं. त्याच्या पुठ्ठ्यावरून, आपणच चिकटवलेल्या पट्टीवरून, अंगठा फिरवला. तो माणूस आपल्यासारखा म्हणजे कसा होता, हे जाणून घ्यावं असं त्याला फार वाटत होतं. तोंडाशी 'वाच' हा शब्द आला होता.

"नको," तो म्हणाला. "हितं नको, उद्या सकाळी घराकडं ये. हौसाच्या म्होरं वाच. तिना मागितलेला ता पुस्तक, मी दिलेला नाय."

"आणि यादीत?"

"यादीत काय लिवतात फाटलेल्याला?"

"जीर्ण झाल्यामुळे बाद."

"मग तसाच लिव."

शालननं वही उघडली आणि एकतीस नंबरापुढं तसं लिहिलं. लिहिताना तिच्या हातात पेन होता. गंगारामानं तो पाहिला. त्यानं पुस्तक आपल्या जेवणाच्या पिशवीत, भाकरीच्या फडक्याखाली ठेवलं, आणि पिशवी खुंटीला अडकवली.

तोवर खळीला साय धरली होती आणि तळाला गुठळ्या झाल्या होत्या. गंगाराम चुलीशी उकिडवा बसला, जाळ मागं ओढला, तांब्यातलं पाणी थोडं थोडं ओतलं आणि लाकडी उलथन्यानं गुठळ्या भांड्याच्या कडेला दाबून फोडू लागला. आठवीचा गठ्ठा अजून पुरा शिवायचा होता.