चाटायचं बोट

"खाऊन दाखवते, मग लावा," असं म्हणून मावशी डबीत बोट बुडवायची आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत चाटायची. वर मिटक्या मारायची. "केमिकल नाय ह्यात. एक कण नाय." समोरच्या बाईची पर्स तोवर उघडलेली असायची.

छावणीच्या बाजारात तिचं दुकान माझ्या दुकानासमोर होतं. मी ब्लाऊज शिवते. शिवणारीची नजर माणसाच्या तोंडाआधी हातांवर जाते, म्हणून मला ते पहिल्याच आठवड्यात दिसलं. ती बुडवायची अंगठ्याजवळचं बोट आणि चाटायची मधलं. इतक्या सफाईनं, की तिच्या जिभेला त्या क्रीमची चव कधी कळलीच नसेल.

तुम्हीही अशा बाया पाहिल्या असतील. मूळची वैजापूरकडची, नवरा लवकर गेलेला, एकुलती एक मुलगी आणि जीभ मिरचीसारखी. अख्खी छावणी तिला मावशी म्हणायची. डबीवर कोरफड, तुळस, कडुनिंब असं सगळं रान छापलेलं होतं. आत एक पांढरी पूड कालवलेली असायची. शहरातल्या कुणा व्यापाऱ्याकडून ती बिननावाच्या पुड्यांतून यायची. कसली आहे म्हणून मी एकदा विचारलं.

"औषधी हाय," ती म्हणाली.

"कशाची?"

"गोरं व्हायची. तुला कशाला पंचाईत? तू आपली काजं कर."

औषधाला गुण होता, हे कबूल करायला हवं. पंधरवड्यात चेहरे उजळायचे. लावायचं थांबवलं की लाल व्हायचे, सोलायचे, काळे डाग पडायचे. मग बाया रडत यायच्या आणि मावशी त्यांच्या गालांवरून मायेनं हात फिरवायची. "आतली घाण बाहेर पडायली, बाई. लई चांगलं लक्षण हाय. आजून एक डबी लाव." रडत आलेली बाई हसत जायची. मीही हसायचे, पण माझं हसणं मशीनच्या आवाजात खपून जायचं.

स्वतःच्या मुलीला मात्र ती त्या डबीजवळ फिरकू द्यायची नाही. शाळेत असताना मुलीनं एकदा चोरून क्रीम लावली होती आणि डोळे मिटेपर्यंत तोंड सुजलं होतं. तेव्हापासून तिच्यासाठी घरची साय आणि मामानं वैजापूरहून पाठवलेली हळद. लोकांच्या पोरींना पूड, आपल्या पोरीला साय. एवढी आई ती होतीच.

मुलगी सावळी आणि देखणी होती. यथावकाश लग्न ठरलं. मुलाची आई मावशीचं जुनं गिऱ्हाईक. "मावशीची पोरगी म्हणजे डबीसारखीच, भेसळ नाय," असं ती ज्याला त्याला सांगत सुटली होती.

हळदीच्या संध्याकाळी मुलाकडच्या बाया उष्टी हळद घेऊन आल्या. नवरदेवाला लावून उरलेली हळद नवरीला लागते, ती नाकारणं म्हणजे अपशकुन. विहीणबाईंनी ताट पुढं केलं आणि कौतुकानं म्हणाल्या, "मावशी, तुमचीच डबी कालवलीय हिच्यात. आख्खी!"

मावशीचा चेहरा खर्रकन उतरला. मुलीनं आईचा हात धरला. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "मावशी, चाटून दाखवा की!" आणि बाया टाळ्या पिटायला लागल्या.

लावू नका, एवढंच म्हणायचं होतं. पण त्या मांडवातल्या निम्म्या बाया तिचं गिऱ्हाईक होत्या. मावशीनं हात सोडवून घेतला, ताटात बोट बुडवलं आणि चाटलं. मधलं.

"केमिकल नाय ह्यात," ती म्हणाली. "एक कण नाय."

मग मुलीच्या गालांना हळद लागली. गाणीसुद्धा झाली.

सकाळी मुलीचे डोळे उघडत नव्हते. गाल फुगलेले, कातडी पाणावलेली. विहीणबाई धावत आल्या आणि दारातच थबकल्या.

"हा रोग लपवला तुम्ही."

"रोग नाय हो," मावशी म्हणाली.

"मग काय हळदीनं झालं? माझ्या पोराला तर काय झालं नाय. आन् तुम्ही तर सगळ्यांम्होरं चाटून दाखवली."

मुलगी आईकडे वळली. दिसत नव्हतंच तिला, आवाजाच्या रोखानं वळली. "आई, सांग ना," एवढंच म्हणाली. लहानपणी ही पोर माझ्या पायरीवर दुकान-दुकान खेळायची, एक बोट बुडवून दुसरं चाटायची. तिला सगळं ठाऊक होतं. ती आईसाठी थांबली होती.

मावशीनं पदर सारखा केला. "माझ्या डबीत काय नाय," ती म्हणाली. "पोरीची कातडीच तशी हाय. जल्माची."

लग्न लागलं, नवरीच्या तोंडावर पदर ओढून. विहीणबाईंनी उपकार केल्यासारखी सून नेली. जाताना मुलगी सगळ्यांच्या पाया पडली, आईच्या नाही. दिवाळसणाला आली नाही, त्यानंतरही कधी नाही. मावशीचा धंदा मात्र वाढला. पोटच्या पोरीच्या हळदीतसुद्धा तीच डबी होती म्हणे, अशी तिची ख्याती झाली.

आता ते शटर बंद आहे. मावशी वैजापूरला भावाकडे निघून गेली, कुणाला न सांगता. मला आठवते ती त्याआधीच्या दुपारांतली. उन्हानं बाजार ओस पडलेला आणि तिच्या दुकानात गिऱ्हाईक नाही. तरी ती डबी उघडायची, बोट बुडवायची आणि चाटायची. मिटक्या नाहीत, बोलणं नाही. रोज. एवढी वर्षं मी त्या बाईला हसले होते, पण ते बघून मी मशीन थांबवलं. खात्री करावी म्हणून मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

बुडवलेलंच बोट होतं.