जाऊबाईंनी काढलेला मुहूर्त

आज सुनेच्या खोलीतून ओव्याच्या धुरीचा वास आला आणि मी दारातच थबकले.

न्हावरे गावच्या घरातली ती बंद खिडकी आठवली, कानाला गच्च बांधलेला रुमाल आठवला. मला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. दौंडच्या दवाखान्यात कळा सुरू झाल्यापासून थोरल्या जाऊबाई माझा हात धरून उभ्या होत्या. माझ्या नखांचे वळ त्यांच्या मनगटावर उमटले होते. घरी आल्यावर मात्र मला बाळाकडे बघावंसंही वाटेना. नुसतं रडू यायचं.

सव्वा महिन्यानं विहीर पुजायची, तोवर बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही, ही आमच्याकडची रीत. एका सकाळी जाऊबाईंनी धाडकन खिडकी उघडली आणि सासूबाईंना म्हणाल्या, "विहीर काय तारीख बघून पानी दिती व्हय? आजच पुजू. आन् मग हिला डाक्टरीनबाईकडं नेनार हाय मी."

बाळाला घेऊन त्या पुढे, पूजेची कळशी घेऊन मी मागे. कांद्याच्या वाफ्यांवरचं ऊन अंगावर आलं. विहिरीच्या काठावर बाळ मोठ्यानं शिंकलं आणि मी खुदकन हसले. स्वतःचंच हसू ऐकून दचकले.

"हसली! आगं, हसली ही!" जाऊबाई साऱ्या शिवाराला ऐकू जाईल अशा ओरडल्या. तेव्हा मला लाज वाटली होती. आज वाटतं, माझ्यासाठी असा डंका पुन्हा कुणी वाजवला नाही.

सून बाळाकडे पाठ करून पडली होती. मी तिच्या खोलीची खिडकी उघडली. "अहो आई, अजून सव्वा महिना कुठं झालाय?" ती म्हणाली.

बाहेरच्या ओट्यावरून म्हाताऱ्या जाऊबाईंचा आवाज आला, "कळशी कुठं हाय?"