वाटणीचं ऊन

माझ्या उजव्या कानाच्या वर डोक्याला एक खाच आहे. तिच्यात पावसाळ्यात पावशेर पाणी साठतं. नवखे लोक विचारतात, लढाईत होते का? मी हो म्हणतो, आणि ते काही खोटं नाही.

आमचं गाव अमरावती जिल्ह्याच्या अगदी काठावर. माझ्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून थुंकलं तर थुंकी अकोला जिल्ह्यात पडते. वारा उलटा असला तर सही-शिक्का घेऊन परत येते. तिथं आम्ही सहा शेतकऱ्यांनी मिळून एका विहिरीवर सोलरचा पंप बसवला. विजेची वाट पाहून पाहून आमच्या माना बगळ्यासारख्या लांब झाल्या होत्या. खड्डे आम्हीच खणले, सांगाडाही आम्हीच उभा केला, आणि हरेक गोष्ट बैठकीत हात वर करून ठरवली. प्लेटा कोणत्या बाजूला कलवायच्या, हात वर. कुंपणाला तार कोणती, हात वर. एकदा मी काख खाजवायला हात उचलला, तर तेवढ्यात एक ठराव मंजूर झाला.

मग आली पाण्याची वाटणी. आमच्यात एक काका होते. बडनेऱ्याला रेल्वेत इलेक्ट्रिशियनची नोकरी करून गावी परतलेले. विजेतलं खरोखर कळणारा तेवढा एकच माणूस. ते म्हणाले, "बाप्पा, तास नका वाटू, पाणी वाटा. आधी विहिरीवरचा हौद भरू, मग हौद मोजून देऊ. सकाळचा तास अन् दुपारचा तास सारखा नसते."

मी उठून असा गरजलो की शेजारच्या गावच्या म्हशी आटल्या. "कावून काका? सहा ते सहा बारा तास, माणसं सहा. दोन-दोन तास घ्या, चिठ्ठ्या टाका, विषय खतम!"

पाच हात वर गेले. काकांचा तेवढा खाली राहिला.

या गर्जनेत माझा डाव होता. विजेच्या मोटरच्या काळात पहिली पाळी म्हणजे राज्य. विहीर झिरपून तुडुंब भरलेली असायची; शेवटच्याच्या वाट्याला गाळ आणि बेडकं. म्हणून चिठ्ठ्या मीच लिहिल्या आणि पहिल्या पाळीच्या चिठ्ठीचा कोपरा नखानं दुमडून ठेवला. टोपीत हात मीच आधी घातला. सकाळी सहा ते आठ! माझ्या चुलतभावाला, माझ्याहून चार वर्षांनी मोठ्याला, बारा ते दोन निघाली. मला त्याची इतकी कीव आली की मी त्याला चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता मी छाती काढून कॉक उघडला. पाइपनं एक ढेकर दिली आणि गप्प झाला. साडेसातला म्हाताऱ्या बैलाच्या मुताएवढी धार लागली, आणि आठ वाजता माझी पाळी संपली. बारा वाजता मात्र चुलतभावाच्या वावरात तोच पाइप असा उसळला की त्याची दोन झाडं पोहायला शिकली.

एप्रिलचं ऊन होतं. माझ्या संत्र्यावर आंबिया बहाराची बोराएवढी फळं, आणि ती गळू लागली. बायकोनं ओटीभर गळलेली फळं आणून माझ्या ताटात ओतली.

"हे खा आता. आठ दिवस असंच राह्यलं, तं बगिच्यात पानं अन् तुमी, दोघंच उराल."

मी चुलतभावाला म्हटलं, "दादा, चिठ्ठ्या पुन्हा टाकू."

"तूच लिवल्या, तूच पयली उचलली. आता कावून रडून राह्यला बे?"

चौथ्या दिवशी साडेबारा वाजता मी गेलो, त्याचा कॉक बंद केला आणि माझा उघडला.

तो फावड्याचा दांडा घेऊन आला. पहिला दणका खांद्यावर बसला. हाडाचा आवाज अकोटच्या बाजारात ऐकू गेला असेल. मी त्याच्या पोटात डोकं घातलं. दोघंही चिखलात पडलो. त्यानं माझा गळा आवळला, मी त्याच्या कानाचा लचका तोडला. सोडवायला आलेल्या गटातल्या तिघांना चुकून एकेक बसली आणि तेही सामील झाले. कोणाचा धुरा कोणी कोरला, कोणाचा बैल कोणाच्या तुरीत शिरला, सगळं त्या चिखलात निघालं. एकाचा दात उडाला. एक जण दुसऱ्याच्या छातीवर बसून त्याच्या तोंडात माती कोंबत होता.

चुलतभावानं नारळाएवढा दगड उचलला. मी मागं सरकलो, तो पाठ प्लेटांना टेकली. त्याचा हात वरच थांबला.

"हट तिथून! प्लेटीले लागन!"

"मंग डोक्यात मार ना, दादा!"

"मंग डोकं हलवू नको ना बे!"

मी हललो नाही. प्लेट आम्हा सहाही जणांची होती, डोकं माझं एकट्याचं होतं. दगड कानाच्या वर बसला, आणि रक्ताची चिळकांडी थेट काचेवर.

धावत आले ते काका. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि आधी प्लेट पुसली, मग माझं डोकं. "डाग राह्यला का धार कमी होते," म्हणाले. मग जखमेत हळद कोंबत सगळ्यांना विचारलं, "आता तरी हौद मोजायचा का?"

चुलतभाऊ अर्धा कान धरून धापा टाकत होता. "चिठ्ठी म्हंजे चिठ्ठी. देवाचं काम हाय ते. बदलत नाई."

बाकीच्या तिघांनी माना डोलावल्या. माझ्या डोळ्यांत रक्त उतरत होतं, आणि त्या लाल पडद्याआडून मला माझा बगिचा दिसत होता, फळं टपटप सोडत असलेला. मी म्हणालो, "देवाचं नाई, दादा. माझं काम हाय. पयल्या चिठ्ठीचा कोपरा मीच दुमडला होता."

चुलतभावानं धरलेला कान सोडला.

मग पाचही जणांनी मला मारलं. काकांनीसुद्धा, चप्पल काढून, नेम धरून. आमच्या गटात एकमतानं झालेलं ते पहिलं काम. दोन बोटं मोडली, एक बरगडी सरकली. ते आटोपल्यावर सगळे तिथंच चिखलात बसले आणि हात वर केले: हौद भरायचा, पाण्याची खोली हातानं मोजून सगळ्यांना सारखं वाटायचं. मला लबाडीचा दंड म्हणून शेवटचा नंबर. माझा हात वर जाईना, तो चुलतभावानंच मनगट धरून उचलला आणि वर करताना मुद्दाम पिरगाळला.

माझा नंबर लागायला तीन दिवस गेले. मी खाटेवर पडून होतो. डोकं शिवलेलं, एक डोळा मिटलेला. बगिच्यातून फळ पडल्याचा आवाज आला की बरगडीत कळ यायची. तिसऱ्या दिवशी दुपारी बायको फावडं घेऊन गेली ती दिवस कलल्यावर परतली. गुडघ्यापर्यंत चिखल, तोंड उन्हानं तांबडं. मला कुठं कुठं दुखतं, हे तिनं विचारलं नाही.

"धुऱ्याकडची धा झाडं उघडी पडली," ती म्हणाली. "बाकीच्याईनं फळ धरलं. अन् तुमच्या दादाचा कान पिकला हाय. जरा कमी चावाव माणसानं."