सोप्रानो तळेगावातही मिळाला नाही

सुमती विनायक सरंजामे, क्लाराबाईंच्या षष्ट्यब्दीच्या या गौरवग्रंथासाठी लेख मागणारे निमंत्रण तुझ्या नावे आले होते. त्यांच्या गाण्याला पियानोची साथ तू केलीस. मी केवळ स्वरलिपीची पाने उलटली, तीही बहुधा एक ओळ आधीच. तू गेल्यामुळे हे काम माझ्याकडे आले आहे. चूक झाल्यास नेहमीप्रमाणे खाकरून खूण कर.

श्रीमती क्लारा डिमेलो यांचा परिचय मला माझ्या पत्नीमुळे, सुमतीमुळेच झाला. इटलीतील फिरत्या ऑपेरामंडळ्यांत उमेदीची वर्षे गाऊन त्या चिंचवडला येऊन राहिल्या होत्या. त्यांचा आवाज मेझो-सोप्रानो, म्हणजे स्त्रियांच्या आवाजांतला मधला. उंच आवाजाची सोप्रानो नायिका होते. मेझोच्या वाट्याला दासी, चेटकीण, फार तर नायकाची आई. एकदा तर बाईंनी विजार घालून राजाचा हुजऱ्या वठवला. आपल्याकडे पुरुषांनी शालू नेसून जे केले, त्याची ती परतफेड होती, असे मी मानतो.

आमच्या पिंपरीच्या कारखाना-वसाहतीत त्यांचा कार्यक्रम ठरला, तेव्हा सुमतीने क्लबचे चिटणीस कदम यांना निरोप धाडला : "मेझो-सोप्रानो येणार, तयारी ठेवा." त्या संध्याकाळी रंगमंचाच्या मधोमध एक भलेमोठे सागवानी मेज मांडलेले आढळले. शेजारी कदम हात जोडून उभे.

"बाई, मेज आनलंय. पर सोप्रानो काय घावला न्हाई. पार तळेगावापत्तुर मानूस धाडला व्हता."

धरणी दुभंगावी असे मला वाटले. बाई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "नाही मिळाला ते उत्तम झालं, कदमसाहेब. जन्मभर माझ्या वाटणीचे हार तोच नेत आलाय." आणि त्या मेजावर हात टेकवून गायल्या.

गाणे संपताच मागून आरोळी आली, "वन्समोअर! पर या बारीला समजंल असं!"

बाईंनी तेच गाणे, त्याच इटालियनमध्ये, तितक्याच निष्ठेने पुन्हा म्हटले. रसिकांची मागणी त्यांनी कधी मोडली नाही. गाणेही कधी मोडले नाही.

गेल्या वर्षी सुमती गेली. पुढे मी सेवानिवृत्त झालो आणि क्वार्टर सोडण्याची वेळ आली. मुदत वाढवून घेतली, तरी तिची एक साडीही मला घडीवरून उचलवेना. त्या घराबाहेर तिची आठवण माझ्याबरोबर येईल, याची मला खात्री नव्हती.

अखेरच्या दिवशी क्लाराबाई डोक्याला रुमाल बांधून टांग्यातून उतरल्या.

"विनायकराव, शेवटच्या अंकात नायिका जाते. लोक डोळे पुसत घरी जातात. मग पसारा कोण आवरतं? दासी! ट्रंका कुठे आहेत?"

"बाई, हे आपल्याला शोभत नाही," मी म्हणालो.

"शोभत नाही? अहो, माझी सर्वांत गाजलेली भूमिका आहे ही! बसा तुम्ही, आणि मधूनमधून टाळ्या वाजवा."

मी बसलो. टाळ्या वाजवल्या नाहीत. साड्या ट्रंकेत रचताना बाई काहीतरी गुणगुणत होत्या. ते त्यांचे गाणे नव्हते. त्या गाण्याखाली सुमती वाजवीत असे, ती साथ होती. बाईंना ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ होती. मी ट्रंकेचे दुसरे कडे धरले.

क्लाराबाईंना उदंड आयुष्य, धडधाकट गुडघे आणि शाबूत गळा लाभो. नायिकांनी आपापल्या अंकात खुशाल मरावे. दासीने मात्र रंगमंच सोडण्याची घाई करू नये, ही समस्त स्नेह्यांच्या वतीने प्रार्थना.

त्या अखेरच्या दिवशी संध्याकाळी क्वार्टरच्या दाराला कुलूप लावले. किल्ल्या वसाहतीच्या कचेरीत जमा केल्या.