आत्याचे आवाज

आत्याला आवाज ऐकू येऊ लागले ते धुळ्याला, सासरी असताना. सासरच्यांनी वर्षभर पाहिलं आणि एरंडोलजवळच्या आमच्या गावी, माझ्या आजोबांकडे, आबांकडे, तिला आणून सोडलं. पुन्हा कोणी न्यायला आलं नाही. आबांनी तिला आधी भगताकडे नेलं, मग जळगावच्या डॉक्टरांकडे. स्किझोफ्रेनिया हा शब्द तेव्हा घरात आला. गावात तो कुणी वापरला नाही. तिचं जरा असं आहे, एवढंच म्हणत.

गोळ्या सुरू झाल्या आणि आबा तिला बायकांबरोबर कापूस वेचायला धाडू लागले. वेचता वेचता ती मध्येच थांबायची, कुणाला तरी उत्तर द्यायची. शेजारच्या ओळीतली म्हातारी हात न थांबवता म्हणायची, "अक्का, त्यासले सांग, आते काम शे, मंग या." आता काम आहे, मग या, असं आत्या त्या आवाजांना सांगायची आणि पुन्हा वाकायची. आवाज काय म्हणतात, असं सुट्टीत गावी गेल्यावर मी विचारलं की सांगायची, जेवलीस का विचारतात, भाकरी करपली म्हणून रागावतात. गोळ्या थांबवू नका आणि तिचं शेतात जाणंही थांबवू नका, असं डॉक्टरांनी वडिलांना बजावलं होतं.

आबा गेले. शेत बटाईने दिलं आणि वडिलांनी तिला जळगावला, पिंप्राळ्यात आमच्याकडे आणलं. आईने तिला कधी दुखावलं नाही. गोळ्या वेळेवर दिल्या, ताट हातात दिलं, कशालाही हात लावू दिला नाही. तेव्हा माझ्या लग्नाचं बघत होते. पाहुणे यायचे असले की आत्याला मागच्या खोलीत बसवून दार ओढून घेत. गॅलरीत उभी राहून बोलू नको, हेही सांगून झालं. कॉलनीतल्या बायका आईजवळ हळूच तिची चौकशी करायच्या, तिच्याशी कुणी बोलायचं नाही.

मग आवाज बदलले. ऊठ, चालती हो, असं म्हणू लागले. ती जेवेना, झोपेना. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि तिचे हात थरथरू लागले.

लग्नानंतर, वेचणीच्या हंगामात, मी तिला गावी घेऊन गेले. ती म्हातारी वारली होती. शेतात दुसऱ्या गावाहून गाडीने आलेल्या बायका होत्या. त्यांनी एकदा वर पाहिलं आणि कामाला लागल्या. थोडं वेचून बघ, मी आत्याला म्हणाले. तिने एक बोंड धरलं. बोटं थरथरत होती, कापूस निघेना.

"चाल घर," ती म्हणाली.

आबांच्या घराला कुलूप होतं. एरंडोलला येऊन आम्ही जळगावची बस धरली. खिडकीची जागा मिळाली होती, तरी ती वाटभर खाली बघत बसली.