सोळा इंच अद्रक

अद्रक ही चहात टाकायची वस्तू आहे, हे मी आता स्टँपपेपरवर लिहून द्यायला तयार आहे. (पुण्याकडे त्याला आलं म्हणतात. म्हणोत बापडे!)

झालं असं, की आमच्या अमरावतीच्या डॉक्टरांनी माझे रिपोर्ट बघितले, चष्मा काढला, परत घातला आणि म्हणाले, "सर, आता जेवणाआधी वाटीभर कच्चा सलाद. फोडणी बंद, दाण्याचा कूट बंद." पस्तीस वर्षं गणित शिकवून रिटायर झालेल्या माणसाच्या ताटात नुसती चिरलेली काकडी, गाजर आणि पत्ताकोबी पडली की त्याला काय वाटतं, ते त्यालाच ठाऊक. चौथ्या दिवशी मला आपण रवंथ करतोय असा भास व्हायला लागला.

मी पुण्यातल्या लेकीला फोनवर रडगाणं ऐकवलं. ती म्हणाली, "बाबा, सोप्पं आहे! घरी जिंजर ड्रेसिंग करा. बाजारचं आणू नका, त्यात साखर असते. एक इंच आलं, लिंबू, चमचाभर मध, थोडं तेल, थोडं व्हिनेगर, चिमूटभर मोहरीची पूड. मिक्सरमधून काढा, सलादवर ओता. दोघांना एका वेळेला पुरतं."

आता हे गणिताच्या मास्तरला सांगायचं असतं का? दोघांना एका वेळेला एक इंच. दिवसाला दोन वेळा, आणि आठ दिवसांचं एकदमच करून ठेवायचं. सोळा इंच! मी कंपासपेटीतली पट्टी काढली आणि अद्रक मोजायला बसलो. पण अद्रकाला फांद्या असतात. त्या धरायच्या की सोडायच्या? लेकीला फोन केला, तर ती मीटिंगमध्ये. मग मी प्रत्येक फांदीवर पट्टी सरळ बसेल तेवढीच लांबी धरली आणि उरलेल्या गाठी सूट म्हणून आत टाकल्या.

माझी बायको नलिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"काय करून राहिले तुमी?"

"ड्रेसिंग."

"कोणाचं? कोणाले लागलं काय?"

मी मोहरीची पूड काढत होतो. मोहरीची चिमूट सोळाने गुणली की मूठ होते, हा हिशोब डोक्यात चालू होता. घरात जवसाचं तेल होतं, ते घातलं. चार हिरव्या मिरच्या मी माझ्या मनाने घातल्या, कारण शेवटी आपण वऱ्हाडात राहतो, नुसतं आंबट-गोड कोण खाणार? मग मिक्सर लावला. झाकण धरायला विसरलो, तेव्हा पहिला हप्ता छतावर गेला आणि दुसरा नलिनीच्या नुकत्याच पुसलेल्या ओट्यावर.

"धरा ना झाकण! मास्तर हाय का कोण हाय!"

उरलेलं एक मोठी बाटली भरलं. दुपारी मी ते ऐटीत सलादवर ओतलं. नलिनीने बोटाला लावून चाखलं, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत. मग म्हणाली, "जखमेले लावत असन तर लावा." त्यानंतर त्या बाटलीला घरात कोणी हात लावला नाही. मीही नाही, पण ते मी कबूल करत नव्हतो. रोज फ्रिज उघडला की ती बाटली माझ्याकडे पाहायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याहून नलिनीचे थोरले भाऊ आले. आम्ही त्यांना दादा म्हणतो, बाकी सगळा जिल्हा गुरुजी म्हणतो. पौरोहित्य करतात, आणि आवाज असा, की मांडवात माईक बंद पडला तर लोकांना कळतसुद्धा नाही. बडनेरा रोडवरच्या एका मंगल कार्यालयात दुपारचा मुहूर्त होता. पण लग्नसराईच्या धावपळीत, मांडवामांडवांत बर्फाचं पाणी पिऊन, त्यांचा घसा बसला होता.

"जावईबापू," ते खरखरत म्हणाले, "घरात थोडं अद्रक आणि मध हाये का? चाटण करून देता का?"

आता बघा, नलिनी त्या वेळी अंघोळीला गेली होती. ती बाहेर असती तर पुढचं काही झालं नसतं. पण मला वाटलं, आपली बाटली! तीन दिवस अपमान सोसून बसलेली! अद्रक आहे, मध आहे, लिंबू आहे. घशाला आणखी काय पाहिजे? आणि खरं सांगायचं तर, घरात एक तरी माणूस माझ्या हातचं खाऊन 'वा' म्हणेल, हा मोह मला आवरला नाही.

"चाटण कशाला दादा? तयार आहे!" म्हणत मी फुलपात्र काठोकाठ भरलं.

दादा भांड्याला ओठ लावत नाहीत. त्यांनी मान मागे टाकली आणि तीर्थ घ्यावं तसं वरून, एका दमात, सगळं आत सोडलं.

आधी काहीच झालं नाही. मग कपाळावर घाम आला. मग कान लाल झाले. डोळ्यांतून धारा लागल्या. दादांनी माझ्याकडे बोट दाखवून तोंड उघडलं, आणि त्यातून आला फक्त वारा. सायकलच्या ट्यूबमधून निघतो तसा. "हंऽऽफ्."

नलिनी बाहेर आली. तिने भाऊ बघितला, बाटली बघितली, मग मला बघितलं.

"काय पाजलं माह्या भावाले?"

"आरोग्यदायी आहे गं..."

"शाप द्याले बी आवाज लागते, म्हणून वाचले तुमी!"

दूध झालं, तूप झालं, खडीसाखर झाली. आवाज नाही. तेवढ्यात दादांचा फोन वाजला आणि त्यांनी तो रागाने माझ्या हातात कोंबला. वधूपिता होते. व्यवसायाने वकील.

"गुरुजी निघाले काय?"

"निघाले ना! निघालेच!"

"मंग ते स्वतः काहून नाई बोलून राहिले?"

"ते पुढे निघाले," मी म्हणालो, "आवाज मागून येऊन राहिला."

(पस्तीस वर्षं वर्गात मुलांच्या थापा पकडल्या, पण स्वतःला एक धड थाप मारता येत नाही!)

मी ओळखीच्या तीन पुरोहितांना फोन लावले. तिघेही तीन मांडवांत. शेवटी दादांनी माझ्या टेबलावरचा कागद ओढला आणि लिहिलं, 'विधी मी हातांनी करतो. मंगलाष्टका तुम्ही म्हणा.' मी लेकीला फोन केला. ती म्हणाली, "मोबाईलवर लावा की!" दादांनी हे ऐकून कागदावर एकच शब्द लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. तो शब्द 'नाही' होता.

ऑटोत कोणी बोललं नाही. दादांना बोलता येत नव्हतं, नलिनीला बोलायचं नव्हतं, आणि मला हिंमत नव्हती. दादा मांडीवर पोथी धरून खिडकीबाहेर बघत होते. तीस वर्षांत या माणसाने एक मुहूर्त चुकवला नव्हता. त्या वेळी मला खरोखर लाज वाटली.

कार्यालयात पोचलो. अंतरपाट धरला गेला. दादा पाणावल्या डोळ्यांनी उभे. अद्रक अजून उतरलं नव्हतं. मागून एक बाई म्हणाल्या, "किती हळवे गुरुजी हो! पोरीसाठी रडून राहिले!" माझ्या हातात माईक आणि पोथी आली. मी पहिलं कडवं वर्गातल्या आवाजात खणखणीत म्हटलं, आणि सवयीने शेवटी विचारलं,

"समजलं?"

अर्धा मांडव म्हणाला, "हो सर!" (अमरावतीत लग्नाला जाल तर निम्मे पाहुणे तुमचेच विद्यार्थी निघतात.)

दुसऱ्या कडव्यात मला ठसका लागला. मी थांबलो. लोकांना वाटलं झालं! अक्षतांचा पाऊस पडला, बँडवाल्यांनी सुरुवात केली, नवरदेवाने हार उचलला. दादा दोन्ही हात हलवत पुढे धावले, ते बघून बँडवाल्यांना वाटलं गुरुजी नाचतायत, आणि त्यांनी आवाज वाढवला! शेवटी वकीलसाहेब खुर्चीवर चढून ओरडले, "थांबा! अजून नाई झालं!" बँड थांबला. पण अक्षता संपल्या होत्या. मग आचाऱ्याकडून मसालेभातासाठी धुऊन ठेवलेले तांदूळ आणले. ओले. पुढच्या सहा कडव्यांत नवरीच्या मेकअपवर एकेक दाणा येऊन चिकटत गेला. शेवटी मी "सावधान!" म्हणालो, ते असं काही, की मागच्या रांगेतले माझे जुने विद्यार्थी ताठ उभे राहिले.

लग्न लागलं. मुहूर्तावर लागलं, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण माझ्या बाजूने सांगण्यासारखं तेवढंच आहे.

दादांचा आवाज चौथ्या दिवशी परतला. त्यांनी अकोल्याहून फोन केला. मी फोन कानापासून लांब धरून उभा राहिलो. "जावईबापू," ते शांतपणे म्हणाले, "घशाची खरखर मात्र साफ गेली. पण परत कधी मले काही पाजू नोका." नलिनीने बाटली मोरीत ओतली. मोरी, तिच्या म्हणण्याप्रमाणे, तेव्हापासून तुंबलेली नाही.

महिन्याभराने एक अनोळखी फोन आला.

"मंगलाष्टका म्हणणारे सर तुमीच ना? आमच्या पोराचं लगन हाये येत्या रविवारी. गुरुजी तुमचे मेहुणेच येऊन राहिले."

माझी छाती फुगली. म्हटलं, शेवटी कलेची कदर झाली! मी नलिनीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारलं, "हो, मीच तो! बोला, काय सेवा करू?"

"त्या दिवशी तुमी अमरावतीतच हाये काय?"

"आहे ना! दिवसभर घरीच आहे!"

पलीकडे पंचांगाची पानं फडफडली.

"अरे देवा," तो माणूस म्हणाला, "मंग दुसरा मुहूर्त पाहतो."